चुरीबाईंचा पूर्वपक्ष

प्रमिला चुरीला सिल्वासात कुणी प्रमिला म्हणत नसे. ती चुरीबाई. केळव्याच्या पानमळेवाल्यांची सून, तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालेली, आणि इथल्या मराठी शाळेत वरच्या वर्गांना मराठी नि इतिहास शिकवणारी. "अहो, बाईमाणसानं तत्त्वज्ञान घेऊन करायचं काय?" असं तिला जो भेटेल तो विचारी. ती हसून म्हणे, "भांडायला बरं पडतं." लोकांना वाटे, बाई थट्टा करतायत. थट्टा कसली डोंबलाची! तिला खरोखरच वाद घालायला आवडे. कुणी काही म्हणालं, की त्याच्या उलट काय म्हणता येईल, हे तिच्या डोक्यात आपोआप सुरू होई. सासरी ही खोड दाबून ठेवावी लागे, म्हणून शाळेत ती दुप्पट बाहेर पडे.

सिल्वासाला ती आली बासष्ट साली. पोर्तुगीज जाऊन आठ वर्षं झाली होती आणि मुलूख दिल्लीच्या कारभारात रीतसर दाखल होऊन जेमतेम वर्ष. शाळा निघत होत्या, फळे येत होते, खडू येत होते, येत नव्हते ते मास्तर. म्हणून मुंबई-कोकणातून डेप्युटेशनवर माणसं मागवली. चुरीबाईंच्या घरी त्या वर्षी पानवेलींवर रोग पडून अख्खा मळा बसला होता. नवरा वसंत सज्जन, कष्टाळू, पण मळ्याबाहेरचं काही येत नसलेला माणूस. घर चालायचं ते बाईंच्या पगारावरच. "तीनच वर्षांचा तर प्रश्न आहे," असं म्हणून ती चार वर्षांच्या अलकाला हाताशी धरून वापीला उतरली नि तिथून धुरळ्याच्या बसनं सिल्वासाला आली.

तीन वर्षांचा प्रश्न म्हणे! सरकारी तीन वर्षं म्हणजे काय चीज असते हे ठाऊक असतं, तर ती केळव्याच्या वेशीबाहेर पडली नसती.

आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात अलकाला हिवतापानं धरलं. पोर दुपारी थंडीनं कुडकुडायची आणि संध्याकाळी फणफणायची. कोयनेल पाजून पाजून बाईंचे हात कडू झाले. शेवटी वसंत आईला घेऊन आला. सासूबाई खोलीत शिरल्या, नातीचं पिवळं पडलेलं तोंड पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "पोर जगवायची असेल तर ती केळव्याला राहील." ह्याच्यावर वाद काय घालणार? पोर केळव्याला गेली आणि जगली, चांगली टुणटुणीत झाली. तेव्हापासून आईची नि लेकीची भेट दिवाळीत आणि मे महिन्यात. एका मे महिन्यात अलकानं शेजारच्या मैत्रिणीला बाईंची ओळख करून दिली, "ही माझी सिल्वासाची आई." जशी कुणाची मुंबईची आत्या असते, पालघरची मावशी असते, तशी. बाई त्या दिवशी विहिरीवर जाऊन रडल्या, आणि तिथंच त्यांनी ठरवलं, की काही झालं तरी ह्या पोरीचं लहानपण संपायच्या आत घरी पोचायचं. बाकी काही मागायचं नाही.

तीन वर्षं संपली. अर्ज केला. उत्तर आलं, बदली शिक्षक मिळेपर्यंत थांबावे. पुन्हा अर्ज केला, पुन्हा तेच. मधे दोघीजणी आल्याही, पण टिकल्या नाहीत. तोवर रडत बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. सुटीच्या दिवशी त्या खेरडीला, सायलीला, मसाटला पायी जात, वारली, धोडिया आदिवासींच्या अंगणात बसत आणि बापांशी हुज्जत घालून त्यांच्या पोरी शाळेत आणत. "पोरगी शाळेत गेली तर गुरं कोण राखील?" असं बाप म्हणे. बाई म्हणत, "आणि पोरगी नवऱ्याच्या घरी गेल्यावर कोण राखणार आहे?" बाप पोरीला धाडून देई. असं करत करत वर्गात मुलींचे दोन बाक भरले, मग चार. चुरीबाई असतील तरच पोरगी पाठवू, असंही बाप म्हणू लागले. ऐकून बाईंना बरं वाटे. कुणाला वाटणार नाही?

आता ह्यात गुप्तेसाहेब कुठून आले ते सांगते.

रमाकांत गुप्ते हे शिक्षणखात्याचे इथले साहेब. दादरचा माणूस, चाळिशीचा, शर्टाच्या कॉलरला घाम लागू नये म्हणून मानेवर घडीचा रुमाल ठेवणारा. त्यांची खुर्ची हंगामी होती. एम.ए. झाले तर कायम, नाही झाले तर कुणीतरी एम.ए. झालेला येऊन बसणार. म्हणून त्यांनी राज्यविचार हा विषय घेऊन बहिःस्थ विद्यार्थी म्हणून नाव घातलं होतं. विद्यापीठानं मराठीतून लिहायची मुभा दिली होती. दरमहा एकेक निबंध मुंबईच्या प्राध्यापकांकडे टपालानं पाठवायचा, ते शेरे मारून परत पाठवणार, आणि वर्षाअखेर परीक्षा.

साहेबांनी शाळा तपासायच्या निमित्तानं येऊन पहिला निबंध बाईंपुढे ठेवला. "तुम्ही तत्त्वज्ञानवाल्या ना? जरा नजर टाका." विषय होता, प्रजेची संमती म्हणजे काय. निबंध सुरू होत होता 'अनादी काळापासून मानव हा समाजप्रिय प्राणी आहे' असा, आणि सहा पानं फिरून फिरून तिथंच येऊन संपत होता. प्राध्यापकांनी खाली लिहिलं होतं, 'मग?'

"मग?" साहेबांनीही बाईंना विचारलं, बिचाऱ्यासारखं.

बाईंना हसू आवरेना. साहेबही ओशाळं हसले आणि मग मुद्द्यावर आले. "चुरीबाई, मला ह्यातून पार करा. मी पास झालो की तुमचा अर्ज माझ्या शेऱ्यासकट स्वतः वर पाठवतो. प्रशासक माझ्या शेऱ्याबाहेर जात नाहीत. शब्द देतो."

काय शब्द दिला ते नीट ऐकून घ्यावं की नाही माणसानं? पण घरची ओढ लागलेल्या बाईला तेवढी उसंत कुठली! तिला एवढंच ऐकू आलं, की हा माणूस पास झाला की मी घरी.

मग शनिवार ठरला. शनिवारी शाळा सकाळची. ती सुटली की साहेब येत, ऑफिसच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला बाई, दार सताड उघडं. आणि लोकांनी जीभ उचलू नये म्हणून कोपऱ्यात क्रोशाची सुई घेऊन मंगला पेडणेकर. मंगला धाकट्या वर्गांची शिक्षिका, वेंगुर्ल्याची, बाईंची खोलीसोबतीण, जिभेनं तिखट. हेडमास्तरांना बिचाऱ्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं, की साहेब आपल्या शाळेवर दात धरून दर आठवड्याला तपासणी लावतात. त्या भीतीनं त्यांनी शाळेला दोनदा चुना काढला.

पहिल्या वर्षी बाईंनी सोपा मार्ग धरला. निबंध त्या स्वतःच लिहीत. साहेब ते पाठ करीत. वाईट कायदा पाळावा काय, शिक्षा कशासाठी द्यायची, स्वातंत्र्य आणि शिस्त, असे एकाहून एक. लिहिताना बाईंना स्वर्ग दोन बोटं उरे. किती वर्षांनी डोकं असं घासूनपुसून वापरायला मिळत होतं! टपालानं परत येणाऱ्या निबंधांवर 'उत्तम', 'स्वतंत्र विचार' असे शेरे येऊ लागले आणि साहेबांची मान ताठ झाली. ते दमणगंगेच्या काठानं फेऱ्या मारत निबंध घोकत, आणि नदीवर कपडे धुणाऱ्या बाया त्यांना पाहून पदरात तोंड लपवून हसत.

परीक्षेत व्हायचं तेच झालं. साहेबांनी संमतीचा निबंध सुरू केला आणि मध्यावर पोचल्यावर ओळ निसटली ती सापडली शिक्षेच्या निबंधात. पुढे सगळी शिक्षाच. सपशेल नापास.

निकाल कळला त्या दिवशी बाईंनी खोलीत येऊन पिशवी आपटली. एक वर्ष गेलं! अलकाचं एक वर्ष! मंगला म्हणाली, "ताई, तुम्ही माणसाला शिकवलंच नाहीत. नुसती पोपटपंची करून घेतलीत. आमच्या बालवर्गातसुद्धा मी असं करत नाही."

हे बोलणं बाईंना झोंबलं, कारण ते खरं होतं. पुढच्या शनिवारी साहेब खाली मान घालून आले, तेव्हा त्यांनी लाल पेन्सिल टेबलावर ठेवली. "साहेब, ह्या वर्षी मी एक ओळ लिहिणार नाही. लिहाल ते तुम्ही. मी तपासणार."

"मला जमेल?"

"न जमून सांगता कुणाला! मला घरी जायचंय."

आणि मग चुरीबाईंनी त्या माणसाला शिकवलं. अहो, काय शिकवलं! मधे मधे मंगलाची सुई थांबायची ऐकताना. सगळ्यात आधी शिकवला पूर्वपक्ष. "आपल्याला जे खोडायचंय, ते आधी आपणच मांडायचं. तेही असंतसं नाही. इतकं मनापासून मांडायचं, की खुद्द विरोधकाला वाटावं, हा आपलाच वकील आहे. आणि मग म्हणायचं 'परंतु'."

"एवढं छान मांडल्यावर खोडायचं कसं?" साहेबांनी विचारलं.

"तिथंच तर कस लागतो. समोरच्याचं दुबळं करून मांडलंत, तर तुमचं जिंकणंही दुबळं. परीक्षक हसेल."

सहा महिने साहेबांच्या कागदांवर लाल रेघांचा नुसता चिखल असे. मग हळूहळू रेघा कमी होऊ लागल्या. साहित्य आणि राज्यविचार असाही एक पेपर होता, त्याला एक नाटक लावलं होतं. एका किल्लेदाराची गोष्ट. राजाच्या हुकमानं डांबलेला एक निरपराध माणूस त्याच्या ताब्यात आहे, त्याला गुपचूप सोडावं की नाही ह्या पेचात तो पाच अंक घालवतो आणि शेवटी दार उघडतो. किल्लेदार बरोबर वागला काय, असा प्रश्न. बाईंनी बोलता बोलता आपलं मत सांगितलं, बरोबरच वागला, ह्यात विचारायचं काय! साहेब नेहमीसारखे लिहून घेतील असं त्यांना वाटलं. साहेबांनी टाक खाली ठेवला.

"बाई, मला हे पटत नाही."

मंगलानं मान वर केली. दोन वर्षांत पहिल्यांदाच ह्या माणसाला काहीतरी पटलं नव्हतं! बाईंचा चेहरा असा उजळला, की कुणी म्हणावं, वर्गात पहिला नंबर आला.

"पटत नाही? वा! का पटत नाही?"

"एकाला सोडलं, ठीक. पण किल्ल्याचं दार उघडं टाकून किल्लेदार निघून गेला. आत जी बाकीची माणसं त्याच्या भरवशावर झोपली होती, त्यांचं काय? नाटककार त्यांना रंगमंचावर आणतच नाही. म्हणून आपल्याला ती दिसत नाहीत."

"लिहा," बाई म्हणाल्या. "हेच लिहा, अस्संच लिहा. माझं म्हणणं पूर्वपक्षात घाला आणि खोडून दाखवा मला."

साहेबांनी खोडून दाखवलं. बाईंनी खाली लाल पेन्सिलीनं लिहिलं, 'पहिला वर्ग', आणि घरी जाताना मंगलाला म्हणाल्या, "सुटले गं मी. हा माणूस आता पास होतो."

आणि झालाच. वरच्या दुसऱ्या वर्गात! सदुसष्टच्या पावसाळ्यात निकाल लागला. साहेबांनी शाळेत पेढे वाटले, हेडमास्तरांच्या हातावर दोन ठेवले, आणि हेडमास्तरांना वर्षानुवर्षांचा घाम एकदम सुकल्यासारखं झालं. बाईंच्या मनानं तर केव्हाच गाडी पकडली होती. अर्ज त्यांनी त्याच दिवशी नव्यानं लिहून दिला. केळव्याला कळवलं, दिवाळीत येईन ती कायमची. स्टोव्ह मंगलाला देऊन टाकला, पाटावरवंटा शाळेच्या शिपायाला. नाक्यावरच्या वाण्यानं हटकलं, "बेन, हवे क्यारे जवाना?" केव्हा जाणार, म्हटल्यावर बाई लाजल्या, नव्या नवरीसारख्या. "आता थोडेच दिवस, भाई." मंगला चिडवायची, "ताई, अजून हुकूम यायचाय, तोवर चहा कशावर करणार आहात?" मग मंगलाच त्यांना त्यांच्याच स्टोव्हवर चहा करून द्यायची.

एका शनिवारी साहेब पुन्हा आले. शनिवार खरं तर आता बंद झाले होते. साहेबांच्या हातात बाईंचा अर्ज होता आणि त्याला टाचलेले दोन कागद, बारीक, नेटक्या अक्षरातले.

"बाई, सोमवारी वर पाठवतोय. म्हटलं होतं ना, माझ्या शेऱ्यासकट?" साहेब नव्या एम.ए.च्या उत्साहानं नुसते उतू जात होते. "शेरा एरवी दोन ओळींचा असतो, पण तुमच्या अर्जावर दोन ओळी मला बऱ्या वाटेनात. पहिल्यांदाच मी काहीतरी संपूर्ण एकट्यानं लिहिलंय. तुम्ही तपासल्याशिवाय पाठवायचं कसं? जरा लाल पेन्सिल फिरवा."

बाई बसल्या. मंगला सवयीनं कोपऱ्यात जाऊन बसली. बाईंनी वाचायला सुरुवात केली.

'अर्जदार शिक्षिकेस एकुलती एक कन्या आहे. आजारपणामुळे ती गेली काही वर्षे मातेच्या सहवासास मुकली आहे. बालपण ही शिल्लक टाकून पुढे वापरण्याजोगी वस्तू नव्हे. शासन कितीही लोककल्याणाचे असो, आईस मुलीपासून दूर ठेवण्याचा अधिकार त्यास कोणी दिला? शिवाय अर्जदाराने तीन वर्षांसाठी संमती दिली होती. मुदत संपलेली संमती ही संमती नव्हे.'

अक्षरं बाईंच्या डोळ्यांपुढे पुसट झाली. देवा रे! इतकं त्यांना स्वतःलाही कधी लिहिता आलं नव्हतं. अर्जात त्या आपल्या 'कौटुंबिक अडचणीमुळे' एवढंच लिहीत आल्या. ह्या माणसानं त्यांच्या पोटातलं काढून कागदावर ठेवलं होतं. त्यांनी पदरानं डोळे टिपले. साहेब कौतुकानं बघत होते. मग बाईंनी पान उलटलं.

'परंतु,' असं वर लिहिलं होतं.

'परंतु हा प्रदेश आत्ता कोठे आपल्या पायांवर उभा राहत आहे. खेरडी, सायली, मसाट येथील ज्या घरांतून पिढ्यान् पिढ्या एकही मुलगी शाळेत आली नाही, त्या घरांतील मुली आज केवळ अर्जदार शिक्षिकेच्या भरवशावर येत आहेत. त्या आपला अर्ज घेऊन कोणापुढे उभ्या राहू शकत नाहीत, म्हणून त्या आपल्याला दिसत नाहीत. अर्जदाराच्या कन्येस वडील आहेत, आजी आहे, घर आहे. तिचे नुकसान होते हे खरे, पण ते सोसण्याजोगे आहे. ह्या मुलींचे नुकसान कायमचे आहे. एकीला आई मिळावी म्हणून इतक्या जणींची बाई काढून घेणे न्यायाचे होणार नाही. सबब, अर्ज नामंजूर व्हावा.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा नुसतीच नजर फिरवली. पेन्सिल हातात तशीच होती.

"कसं आहे?" साहेबांनी विचारलं.

कसं आहे! हा माणूस वाईट असता तर किती बरं झालं असतं. चार शिव्या हासडता आल्या असत्या, मंगलानं तर वेंगुर्ल्याच्या ठेवणीतल्या काढल्या असत्या. पण हा समोर बसला होता निबंध तपासून मागणाऱ्या पोरासारखा, आणि त्यानं फसवलंही नव्हतं. शेऱ्यासकट पाठवतो म्हणाला होता, शेऱ्यासकटच पाठवत होता.

"साहेब, तुम्ही मला सोडायचं म्हणाला होतात," बाई म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा पडला. "सोडायचंच होतं हो. पहिल्यांदा तसंच लिहायला बसलो. पण तुम्हीच शिकवलंत ना, जे लिहायचं त्याच्या उलट बाजू आधी तपासून बघायची. तपासली, आणि ती खरी निघाली. आता मी काय करू? बाई, देवाशपथ सांगतो, ह्यात चूक दाखवा. एक चूक दाखवा, मी हे इथल्या इथं फाडतो आणि दुसरा शेरा लिहितो."

मंगलानं सुई मांडीवर ठेवली होती आणि ती बाईंकडे अशी बघत होती, की आता ह्या बोलतील, आता ह्या ह्याला उभा-आडवा सोलतील. बाईंचं डोकं चालायला लागलंच होतं. त्याला चालू नको म्हटलं तरी ते चालायचं. आणि त्यांना चूक सापडली. चांगली मोठी, भगदाडाएवढी.

"इथं," त्यांनी पेन्सिल टेकवली. "ह्या मुलींना शिक्षिका हवी, हे तुम्ही सिद्ध केलंत. मीच हवी, हे कुठं केलंय? दुसरी येऊ शकते. तुमचा मुद्दा इथं कच्चा आहे, साहेब. सगळा डोलारा ह्याच्यावर उभा आहे."

"शाब्बास ताई!" मंगलाच्या तोंडून निघून गेलं.

साहेब कागदावर वाकले. कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी हात पुढे करून कागद असा धरला, की आता फाडतात.

"खरंच राहिलं की हे," साहेब म्हणाले. "बरं झालं दाखवलंत. दुसरी येऊ शकते... पण दोन आल्या होत्या ना? एक वसईची, एक पुण्याची. एक हिवतापाला भिऊन गेली, दुसरी महिन्यात कंटाळली. तुम्ही टिकलात." त्यांचे डोळे चमकले, नेमके किल्लेदाराच्या वेळी चमकले होते तसे. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि समासात लिहू लागले, मोठ्यानं म्हणत. "'दुसरी शिक्षिका नेमता येईल, असे कोणी म्हणेल. परंतु पूर्वी आलेल्या दोन्ही शिक्षिका टिकल्या नाहीत. अर्जदार मात्र मुलीचा विरह सोसूनही टिकून आहेत. हाच त्यांचा गुण, आणि ह्याच गुणामुळे त्यांना सोडता येत नाही.' आता? आता पक्कं झालं?"

पक्कं झालं होतं. बाईंनी पुन्हा वाचलं, वरून खाली, शब्दाशब्दाला थांबत. पहिल्यापेक्षा कितीतरी पक्कं. त्यांनीच दाखवलेली फट त्यांच्यादेखत लिंपून झाली होती.

"अजून काही?"

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "साहेब, मला माझ्या मुलीजवळ जायचंय हो."

"ते आलंय ना, बाई," साहेब हळूच म्हणाले, आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. "पूर्वपक्षात आलंय ते सगळं."

साहेब कागद घेऊन गेले. जाताना दारात थांबून म्हणाले, "रागावू नका." बाईंनी मान हलवली.

ते गेल्यावर मंगला फाडकन उठली. "ताई, खोटं बोलायचं होतंत! भाषा चुकलीय म्हणायचं, कायदा चुकलाय म्हणायचं, काय वाटेल ते म्हणायचं! तो माणूस फाडायला बसला होता!"

"काय चुकलंय म्हणू गं? बरोबर लिहिलंय त्यानं."

"बरोबर गेलं चुलीत!"

आणि मग चुरीबाई टेबलावर डोकं ठेवून रडल्या. साहेबांचा राग आला होता, त्या दोन पळपुट्या बायांचा आला होता, आणि सगळ्यात जास्त आला होता तो आपल्या ह्या मेल्या डोक्याचा. मंगला पाठीवरून हात फिरवत राहिली. संध्याकाळी तिनं स्टोव्ह उचलून पुन्हा बाईंच्या कोपऱ्यात ठेवला.

अर्ज नामंजूर होऊन आला. वर कुणीतरी शेऱ्याच्या समासात 'अत्यंत समतोल' असं लिहिलं होतं म्हणे. नोकरी सोडून द्यावी तर मळ्यात दुसऱ्यांदा लावलेल्या वेली अजून हातभरही चढल्या नव्हत्या.

दिवाळीला बाई केळव्याला गेल्या. वसंतला त्यांनी स्टेशनावरच सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "आईला मी सांगेन. अलकाला तेवढं तू सांग." वाटेत बाईंची पिशवी त्यानं शेवटपर्यंत खाली ठेवली नाही.

अलका आता दहाव्या वर्षाला लागली होती. बाईंनी तिला ओटीवर जवळ बसवलं, तेल लावून केस विंचरायला घेतले आणि सांगायला लागल्या. दिवाळीनंतर परत जावं लागणार, हे आधी सांगितलं. मग का, ते सांगितलं. तिथल्या मुलींचं सांगितलं, त्यांच्या घरात पाटी नसते, मी निघून आले तर त्यांचे बाप त्यांना गुरांमागे धाडतील. तुला आजी आहे, बाबा आहेत, त्यांना शिकवायला कुणी नाही. दुसऱ्या बाई आल्या होत्या, त्या पळून गेल्या, म्हणून साहेब सोडत नाहीत. सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. साहेबानं लिहिलं होतं त्याच्याहून चांगलं सांगितलं. आणि सांगता सांगता मनातून आळवत राहिल्या, की ही पोर आता हात झिडकारील, पाय आपटील, ते काही नाही, तू माझी आई आहेस म्हणून भोकाड पसरील. एवढं एक तिनं केलं, तर उद्याच्या उद्या राजीनामा लिहायची बाईंची तयारी होती. मग मळ्याचं, घराचं व्हायचं ते होवो.

अलकानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वेणी घालून होईपर्यंत मान हलवली नाही. मग तिनं थोडा विचार केला.

"मग त्यांचं बरोबरच आहे की," ती म्हणाली, आणि चप्पल घालून खेळायला गेली.